एरर आणि एक्सेप्शन: सतत येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

फोंड्यात शनिवार-रविवारी आम्ही काहीजण मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतो, आणि मग आठवडाभर व्हॉट्सॲपवर प्रश्न येत राहतात, त्यातले निम्मे तरी एररचेच. साखळीचा मुलगा पायथनमधलं विचारतो, पेडण्याची मुलगी गो या भाषेतलं, पण आतून प्रश्न तोच असतो, ही एरर आली, आता हिचं करायचं काय. म्हणून सगळं एकत्र लिहून ठेवतोय. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल, जे दुसरीकडे सविस्तर आहे तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. एरर, एक्सेप्शन, बग हे सगळं एकच ना?

बोलताना एकच, पण कोड लिहिताना वेगळं धरा. काही गोष्टी बिघडणार हे आधीच माहीत असतं: फाईल नसणार, नेट जाणार, कोणीतरी फोन नंबरच्या जागी नाव टाकणार. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की लाईट जाते हे जसं आपल्याला माहीत असतं आणि आपण मेणबत्ती काढून ठेवतो, तसं. हे अपेक्षित अपयश, त्याची तयारी कोडमध्ये हवीच. दुसरा प्रकार बगचा, म्हणजे चार घटकांच्या यादीतला दहावा घटक मागितला, तिथे हँडल वगैरे काही करायचं नसतं, कोड दुरुस्त करायचा असतो. तिसरा म्हणजे मेमरीच संपली, तिथे तुमच्या हातात फारसं काही उरत नाही.

एक्सेप्शन ही फक्त ते कळवायची एक पद्धत आहे. फंक्शनला पुढे जाता येत नाही, ते तिथेच थांबतं, आणि ज्याने बोलावलं त्याच्याकडे, मग त्याला ज्याने बोलावलं त्याच्याकडे, असं वर वर जात राहतं, कोणी पकडेपर्यंत. कोणीच पकडलं नाही तर साधारणपणे प्रोग्रॅम बंद. सी, गो आणि रस्ट ही पद्धत वापरत नाहीत, ते ५, ७ आणि ८ मध्ये.

२. ट्राय, कॅच, फायनली कुठल्या क्रमाने चालतं?

ट्राय म्हणजे धोक्याचा कोड, कॅच म्हणजे एक्सेप्शन पकडणारा भाग. ट्रायमधला कोड चालतो, एक्सेप्शन आलं की त्या ओळीच्या पुढचं सगळं सोडून जुळणाऱ्या कॅचमध्ये उडी, आणि काहीही झालं तरी शेवटी फायनली. मधेच रिटर्न केलं तरी फायनली चालतंच. पायथनमध्ये कॅचला एक्सेप्ट म्हणतात आणि तिथे एल्सही लावता येतं, जे फक्त एक्सेप्शन आलं नाही तरच चालतं. हे एल्स कोणी वापरत नाही आणि मला ते फार आवडतं, कारण ट्रायमध्ये फक्त धोक्याची ओळ राहते, बाकीचं एल्समध्ये जातं.

एकापेक्षा जास्त कॅच असतील तर वरून खाली बघितलं जातं आणि पहिलं जुळलेलंच चालतं. म्हणून नेमकं एक्सेप्शन वर, सर्वसाधारण खाली. जावात उलटं लिहिलं तर कम्पाईलच होत नाही, पायथन मात्र काही बोलत नाही, खालचं एक्सेप्ट नुसतं कधीच चालत नाही.

३. सगळा कोड एका मोठ्या ट्रायमध्ये टाकला आणि कॅच रिकामा ठेवला तर प्रोग्रॅम कधीच बंद पडणार नाही ना? मग त्यात वाईट काय?

प्रोग्रॅम बंद पडणार नाही हे खरं. काम बंद पडेल आणि कोणाला कळणार नाही.

काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका छोट्या रिसॉर्टचं बुकिंगचं काम मी केलं होतं. बुकिंग झालं की रिसेप्शनला ईमेल जायची, आणि ईमेल पाठवायच्या ओळीभोवती मी रिकामा कॅच ठेवला होता, म्हणजे मेल सर्व्हर नसला तरी बुकिंग अडू नये. हेतू बरोबर होता. डिसेंबरात त्यांनी मेलचा पासवर्ड बदलला. त्यानंतरची प्रत्येक ईमेल फेल झाली, प्रत्येक एक्सेप्शन त्या रिकाम्या कॅचमध्ये गेलं, वेबसाईट छान चालू, पैसे जमा होतायत, आणि खाली रिसेप्शनला काहीच पत्ता नाही. रात्री अकरा वाजता दोन लहान मुलं घेऊन एक कुटुंब दारात उभं राहिलं आणि खोली शिल्लक नव्हती, तेव्हा कळलं. त्या रात्री फोनवर मी त्या माणसांचा आवाज ऐकला आणि तेव्हापासून रिकामा कॅच बघितला की मी पुढचा कोड वाचतच नाही, आधी तो विषय काढतो.

तिथे हवं होतं ते इतकंच: मेलचंच एक्सेप्शन पकडा, लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, लिहा, बुकिंगवर "कळवलं नाही" अशी खूण करा, आणि अशा खुणा जमल्या की कोणालातरी फोनवर मेसेज जाऊ द्या.

पायथनवाल्यांसाठी अजून एक. नुसतं एक्सेप्ट लिहून पुढे कोलन टाकलात तर कंट्रोल-सी दाबल्यावर येणारं कीबोर्डइंटरप्ट आणि सिस्टमएक्झिटसुद्धा त्यात अडकतं, म्हणजे लूपमध्ये असेल तर प्रोग्रॅम थांबवताही येत नाही. अगदीच सगळं पकडायचं असेल तर निदान एक्सेप्ट एक्सेप्शन लिहा, ही दोन त्यातून सुटतात.

४. मग पकडायचं नक्की कुठे?

जिथे तुम्ही त्याबद्दल काहीतरी करू शकता तिथे. ही एवढीच कसोटी मी लावतो आणि बहुतेक वेळा ती पुरते. फाईल वाचणाऱ्या फंक्शनला माहीत नसतं की फाईल नसणं हे संकट आहे की साधी गोष्ट, ते वरच्याला माहीत असतं, मग वर जाऊ द्या. वेब ॲपमध्ये सगळ्यात वर एक हँडलर ठेवा जो उरलेलं सगळं पकडून लॉग करेल आणि युजरला धड निरोप देईल (निरोपाचं १३ मध्ये). मधल्या थरांत पकडायचं कारण फक्त दोन: पर्याय आहे म्हणून, किंवा जास्तीची माहिती जोडून पुढे पाठवायचंय म्हणून. प्रत्येक थरात पकडून लॉग करून परत थ्रो केलं, म्हणजे वर पाठवलं, की एकच एरर लॉगमध्ये पाचदा दिसते आणि रात्री दोन वाजता वाचणाऱ्याला वाटतं पाच गोष्टी बिघडल्यात.

५. सीमध्ये ट्राय-कॅच नाहीच, मग लोक इतकी वर्षं काय करतायत?

रिटर्न व्हॅल्यू बघतायत. फाईल उघडली नाही तर एफओपन नल देतं, कारण एररनो नावाच्या व्हेरिएबलमध्ये मिळतं. अडचण अशी की रिटर्न व्हॅल्यू बघायची सक्ती कोणी करत नाही, विसरलात तर प्रोग्रॅम चुकीची व्हॅल्यू घेऊन पुढे जातो आणि तिसरीकडेच कोसळतो. आणि एररनो लगेच वाचायचा, मधे दुसरं फंक्शन बोलावलंत तर तो बदललेला असू शकतो.

तीन गोष्टी घेतल्या आणि चौथी मिळाली नाही तर आधीच्या तीन परत करायच्या असतात, त्यासाठी सीमध्ये फंक्शनच्या तळाशी साफसफाई ठेवून गोटूने, म्हणजे थेट उडी मारून, तिथे जातात. लिनक्स कर्नलमध्ये हे सर्रास आहे, गोटू म्हणजे पाप असं कॉलेजात शिकवलेलं इथे लागू नाही. पण कंसांची शिस्त पाळा. २०१४ मध्ये ॲपलच्या सुरक्षित कनेक्शनच्या कोडमध्ये "गोटू फेल" ही ओळ चुकून दोनदा आली होती, इफला महिरपी कंस नव्हते, त्यामुळे दुसरी ओळ नेहमीच चालायची, सही तपासायचा भाग वगळला जायचा आणि वर उत्तर जायचं की सगळं ठीक आहे.

६. जावाचा कम्पायलर "थ्रोज लिही नाहीतर पकड" म्हणून का ओरडतो? दुसऱ्या भाषा तर ओरडत नाहीत.

जावात एक्सेप्शनचे दोन गट. आयओएक्सेप्शन, एसक्यूएलएक्सेप्शन ही चेक्ड, म्हणजे एकतर पकडा नाहीतर फंक्शनच्या सिग्नेचरमध्ये, म्हणजे त्याच्या नावाच्या ओळीत, जाहीर करा. रनटाईमएक्सेप्शनच्या खालची अनचेक्ड, त्यात नलपॉइंटर वगैरे येतं. कल्पना चांगली होती, की बाहेरच्या जगातलं अपयश प्रोग्रॅमरने विसरू नये. प्रत्यक्षात लोक कम्पायलरला गप्प करायला रिकामा कॅच लिहितात आणि आपण ३ वर येतो. सी शार्प आणि कॉटलिन यांनी चेक्ड एक्सेप्शन घेतलंच नाही. माझं मत, वरच्याला खरंच काही करता येणार असेल तर चेक्ड ठेवा, नाहीतर अनचेक्डमध्ये गुंडाळून पाठवा, मूळ कारण आत ठेवून (१२ बघा).

७. गोमध्ये प्रत्येक दुसऱ्या ओळीला "इफ एर नॉट इक्वल निल" लिहून कंटाळा आलाय, काही शॉर्टकट?

नाही. गोमध्ये एरर ही साधी व्हॅल्यू आहे, फंक्शन उत्तर आणि एरर दोन्ही देतं आणि ती एरर निल, म्हणजे रिकामी, आहे का हे तुम्ही बघता. शॉर्टकट आणायचे प्रस्ताव बरेच आले, शेवटी २०२५ मध्ये गोच्या टीमने जाहीर केलं की एरर हँडलिंगच्या सिंटॅक्सचे नवे प्रस्ताव आता पुढे नेणार नाही. मला सुरुवातीला हे फार त्रासाचं वाटायचं, पण दुसऱ्याचा कोड वाचताना कुठली ओळ फेल होऊ शकते हे डोळ्यांना दिसतं, हा फायदा मोठा आहे. फक्त नुसतं रिटर्न एर लिहू नका, आपण काय करत होतो ते जोडा, कसं ते १२ मध्ये.

पॅनिक (काम तिथेच तोडून प्रोग्रॅम पाडणं) आणि रिकव्हर (ते पडणं अडवणं) गोमध्ये आहेत पण ते बगसाठी. आणि एक लक्षात ठेवा, एका गोरुटीनमधलं (गोमध्ये एकाच वेळी बाजूला चालणारं काम) पॅनिक दुसऱ्या गोरुटीनमधल्या रिकव्हरला पकडता येत नाही. मेनमध्ये रिकव्हर लावून निर्धास्त बसलात आणि बाजूच्या गोरुटीनमध्ये पॅनिक झालं तर पूर्ण प्रोग्रॅम जातो.

८. रस्टमध्ये अनरॅप वापरू नको असं सगळे सांगतात, पण उदाहरणांत तर सगळीकडे अनरॅपच असतं?

रस्टमध्ये फेल होऊ शकणारं फंक्शन रिझल्ट देतं, आत ओके किंवा एर. अनरॅप म्हणजे "ओके असेल तर दे, नसेल तर पॅनिक कर". उदाहरणात ते चालतं कारण उदाहरणाला लक्ष वेधायचं असतं दुसऱ्या गोष्टीकडे. खऱ्या सर्व्हरमध्ये त्याची किंमत बघायची असेल तर १८ नोव्हेंबर २०२५ आठवा, त्या दिवशी क्लाउडफ्लेअर, म्हणजे असंख्य वेबसाईट ज्या कंपनीच्या सर्व्हरमधून जातात ती सेवा, पडलं आणि जगभरातल्या असंख्य वेबसाईट उघडेनात. डेटाबेसच्या परवानगीतल्या एका बदलामुळे बॉट ओळखणाऱ्या भागाची फाईल साधारण दुप्पट झाली, तो भाग जास्तीत जास्त २०० फीचर घ्यायचा, मर्यादा ओलांडली, फंक्शनने नियमाप्रमाणे एर दिला, आणि त्या एरवर अनरॅप लावलेलं होतं.

भाषेने आपलं काम केलं होतं, सांगितलं होतं की इथे फेल होऊ शकतं. अशा जागी प्रश्नचिन्ह वापरा, २०१६ पासून आहे, एर आला तर तो तसाच वरच्याला जातो, आणि वरच्याने जुनी चांगली फाईल वापरायची की काय ते ठरवायचं. अनरॅप तिथेच जिथे फेल होणं म्हणजे नक्की बगच.

९. जावास्क्रिप्टमध्ये ट्राय-कॅच घातलंय तरी एरर बाहेरच पडते, असं कसं?

जवळजवळ नेहमी अवेट, म्हणजे उत्तर येईपर्यंत थांबायची सूचना, राहिलेलं असतं. असिंक फंक्शन प्रॉमिस, म्हणजे उत्तर नंतर देईन असं वचन, देऊन लगेच परत येतं, तोपर्यंत तुमचा ट्राय संपलेला असतो, प्रॉमिस नंतर फेल होतं तेव्हा पकडायला तिथे कोणी नसतं. सेटटाईमआउटच्या आतलं थ्रोही असंच निसटतं, तिथे ट्राय आतच लावा. फसवा प्रकार म्हणजे ट्रायमध्ये नुसतं रिटर्न करून प्रॉमिस दिलं, अवेट न करता, तरीही कॅच चालत नाही. तिथे रिटर्न अवेटच हवं.

नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) १५ पासून, म्हणजे २०२० पासून, न पकडलेलं प्रॉमिस नोड प्रोसेस बंद पाडतं, आधी नुसती वॉर्निंग यायची. म्हणून जुना कोड नव्या नोडवर टाकल्यावर "काल चालत होतं" असे मेसेज येतात.

आणि फेच, म्हणजे सर्व्हरकडून माहिती मागवणारं फंक्शन. सर्व्हरने ४०४ (सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरमध्ये बिघाड) दिलं तरी फेचच्या मते सगळं यशस्वी, कारण उत्तर तर आलं. ते फेल होतं ते नेट नसणं वगैरेसाठी. रिस्पॉन्सचं ओके तुम्हीच तपासायचं, ते २०० ते २९९ साठीच खरं असतं.

१०. युजरने नंबरच्या जागी भलतंच टाकलं तर कुठली भाषा काय करते?

हा प्रश्न म्हापशाच्या मार्केटातल्या मासळीचे दर नोंदवणारं ॲप करणाऱ्या एका मुलीचा आहे, आणि त्यातून जे निघालं ते मला स्वतःला नवीन होतं. "बांगडे" असा शब्द टाकला तर पायथनचं इंट व्हॅल्यूएरर देतं, जावा नंबरफॉरमॅटएक्सेप्शन, गो एरर परत करतं, रस्ट एर, जावास्क्रिप्टचं नंबर गुपचूप नॅन, म्हणजे हा आकडा नाही अशी खूण, देतं आणि सीचं एटूआय ० देतं. म्हणजे सीमध्ये "बांगडे" आणि खरोखरचा शून्य यांत फरकच कळत नाही, तिथे एसटीआरटूएल वापरा, कुठपर्यंत वाचलं ते त्यात कळतं. जावास्क्रिप्टचं नॅनही तसंच धोक्याचं, एका बेरजेत शिरलं की पूर्ण बेरीज नॅन. पार्सइंट तर आकड्याने सुरू होणारं "२५० रुपये" इंग्रजी आकड्यांत दिलं की २५० घेऊन बाकीचं टाकून देतं.

आता खरी गंमत. मासळीवाल्या मावशीने फोनच्या मराठी कीबोर्डवर देवनागरीत २५० टाकलं. पायथन ते घेतं, बरोबर २५० करतं. जावाचं इंटिजर पार्सइंटही घेतं. जावास्क्रिप्टचं नंबर नॅन देतं, गो आणि रस्ट एरर देतात. म्हणजे त्या मुलीच्या लॅपटॉपवर पायथनमध्ये चाललेलं टेस्टिंग पास आणि मार्केटात ब्राउझरमध्ये नॅन. आपल्याकडे मराठीत टाईप करणारी माणसं आहेत, त्यांचा आकडा चुकीचा नाहीये, आपला कोड अपुरा आहे, तेव्हा आधी देवनागरी आकडे बदलून घ्या आणि मगच तपासा.

११. शून्याने भागलं किंवा आकडा मावला नाही तर?

पायथन एक्सेप्शन देतं. जावात पूर्णांकाला अरिथमेटिकएक्सेप्शन, डबलला मात्र इन्फिनिटी. जावास्क्रिप्टच्या साध्या नंबरला इन्फिनिटी. गो आणि रस्टमध्ये पूर्णांकाला पॅनिक. सीमध्ये अनडिफाइंड, म्हणजे काहीही होऊ शकतं.

आकडा न मावणं जास्त भयंकर, कारण बऱ्याच भाषा गप्प बसतात. जावाचा इंट ओव्हरफ्लो झाला की सरळ उणे होतो, एक्सेप्शन हवं असेल तर ॲडएक्झॅक्ट वापरा. रस्ट डीबगमध्ये (तपासताना बनवलेल्या प्रोग्रॅममध्ये) पॅनिक करतं, रिलीजमध्ये (लोकांना द्यायच्या प्रोग्रॅममध्ये) नेहमीच्या सेटिंगला गप्प. पायथनचे पूर्णांक वाढत जातात, तिथे हा प्रश्न नाही.

४ जून १९९६ ला एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत फुटलं. ६४ बिटचा दशांश आकडा १६ बिटच्या पूर्णांकात घालायचा होता, त्यात ३२,७६७ च्या पुढे मावत नाही. कोड एरियान ४ चा होता, त्या रॉकेटचा वेग कमी, आकडा कधी तिथवर गेलाच नव्हता. भाषा एडा होती, एक्सेप्शन व्यवस्थित आलं, पण त्या ओळीला हँडलर नव्हता आणि ठरलेलं धोरण होतं की एक्सेप्शन आलं तर तो कॉम्प्युटर बंद करायचा. जोडीला दुसरा कॉम्प्युटर होता, पण त्यातही तोच कोड, तोही तसाच बंद. आणि ज्या गणितासाठी हे झालं त्याची उड्डाणानंतर गरजच नव्हती. मुलांना मी हे दरवर्षी सांगतो, कारण त्यात एक्सेप्शन आलं नाही असं कुठेच झालेलं नाही, आल्यावर काय करायचं हे नीट ठरलं नव्हतं.

१२. एरर पकडून दुसरी थ्रो केली की मूळ कारण हरवतं, ते कसं टिकवायचं?

पायथनमध्ये रेझ लिहून पुढे फ्रॉम आणि मूळ एक्सेप्शन. जावात कन्स्ट्रक्टरला कॉज द्या. जावास्क्रिप्टमध्ये २०२२ पासून एररला कॉज देता येतो. गोमध्ये एररएफ वापरताना टक्के-डब्ल्यूने गुंडाळा, मग एरर्स डॉट इज आणि ॲजने आतली एरर ओळखता येते, हे १.१३ पासून. टक्के-व्ही लिहिलंत तर नुसता मजकूर राहतो, ओळखता येत नाही. मेसेज तुलना करून एरर ओळखणं तर करूच नका, कोणीतरी स्पेलिंग सुधारतं आणि तुमचा इफ मरतो.

१३. युजरला काय दाखवायचं?

तीन गोष्टी: काय झालं नाही, त्याचे पैसे किंवा माहिती सुरक्षित आहे का, आता काय करायचं. "काहीतरी चुकलं" यात तिन्ही नाहीत. "बुकिंग झालं नाही, पैसे कापलेले नाहीत, थोड्या वेळाने परत करा, क्रमांक ४८१२" असं लिहा आणि तोच क्रमांक लॉगमध्ये पूर्ण स्टॅक ट्रेससोबत, म्हणजे एरर कुठल्या फंक्शनमधून कुठे आली त्या यादीसोबत, ठेवा. स्टॅक ट्रेस स्क्रीनवर कधीच नको, त्यात फाईलचे पत्ते आणि कधी पासवर्डसुद्धा असतात. लॉगमध्येही पासवर्ड आणि कार्ड नंबर नको. पैसे कापले की नाही हे तुम्हालाच माहीत नसेल तर कापलेले नाहीत असं लिहू नका, "तपासतोय" लिहा.

१४. नेट गेलं तर आपोआप परत प्रयत्न करायचा का? किती वेळा?

आधी बघा की परत केल्याने फायदा आहे का. ५०३ (सर्व्हर सध्या उपलब्ध नाही), ४२९ (फार वेळा विचारलंत), टाईमआउट असेल तर हो. ४०० (विनंतीच चुकीची) किंवा ४०१ (ओळख पटली नाही) असेल तर शंभरदा पाठवलं तरी तेच. मधलं अंतर वाढवत जा, १ सेकंद, २, ४, ८, आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक घाला, नाहीतर चवथीच्या आदल्या दिवशी सर्व्हर दमला की सगळे फोन एकाच सेकंदाला परत धडकतात आणि तो उठूच शकत नाही. चार-पाच प्रयत्नांनंतर थांबा आणि सांगा.

पैशाच्या बाबतीत फार जपून. टाईमआउट म्हणजे फेल असं नाही, कदाचित पैसे गेले आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं. प्रत्येक व्यवहाराला तुमच्या बाजूने एक युनिक की द्या आणि प्रत्येक प्रयत्नात तीच पाठवा, म्हणजे सर्व्हरला कळेल की हा जुनाच आहे. की नवीन बनवलीत तर दोनदा कापले जातील.

१५. फाईल, कनेक्शन बंद करायचं राहून जातं, फायनलीशिवाय काही?

पायथनमध्ये विथ, जावात ७ पासून ट्राय-विथ-रिसोर्सेस, गोमध्ये डिफर, सी प्लस प्लस आणि रस्टमध्ये ऑब्जेक्ट स्कोपच्या बाहेर गेला की डिस्ट्रक्टर, म्हणजे साफसफाईचं फंक्शन, आपोआप. हाताने फायनली लिहिण्यापेक्षा हे केव्हाही बरं. गोचं डिफर लूपमध्ये टाकू नका, ते फंक्शन संपताना चालतं, हजार फाईली उघड्याच राहतात.

१६. एक्सेप्शन आलं होतं हे डीबगरमध्ये दिसतं, पण बाहेर काहीच येत नाही आणि कॅच रिकामा नाही. कुठे गेलं?

फायनलीमध्ये रिटर्न आहे का बघा. पायथन, जावा आणि जावास्क्रिप्ट तिन्हींत फायनलीतलं रिटर्न चालू एक्सेप्शन गिळून टाकतं, बाहेर साधी व्हॅल्यू येते. सी शार्पमध्ये असं लिहिलं तर कम्पाईलच होत नाही, आणि पायथन ३.१४ आता वॉर्निंग देतं. सी प्लस प्लसमध्ये उलटा धोका, एक एक्सेप्शन वर जात असताना एखाद्या डिस्ट्रक्टरमधून दुसरं बाहेर पडलं तर प्रोग्रॅम तिथेच संपवला जातो, म्हणून डिस्ट्रक्टरमधून थ्रो करू नका.

१७. गोमध्ये माझं फंक्शन निल देतं, तरी "एर निल नाही" असंच येतं. कम्पायलरचा बग आहे का?

बग नाही, पण यात एक अख्खी संध्याकाळ गेलेली माणसं मला माहीत आहेत. तुम्ही स्वतःचा एररचा टाईप केलाय, त्याच्या पॉइंटरचं व्हेरिएबल घेतलंय, ते निल आहे आणि ते तुम्ही एरर म्हणून रिटर्न करताय. एरर हा इंटरफेस आहे, त्यात टाईप आणि व्हॅल्यू असे दोन कप्पे असतात. व्हॅल्यूचा कप्पा निल असला तरी टाईपच्या कप्प्यात तुमचा टाईप भरलाय, आणि इंटरफेस निल धरला जातो तो दोन्ही रिकामे असतील तरच. फंक्शनचा रिटर्न टाईप साधा एररच ठेवा, आतलं व्हेरिएबलही त्याच टाईपचं घ्या, आणि यशाच्या वाटेवर सरळ रिटर्न निल असं अक्षरशः लिहा.